शेंदरी बुडाचं जहाज

ये, अशी जवळ बस. या पत्राच्या कागदावरच बसायचं म्हणा, तरी बस. किती दिवस झाले गं धड चार वाक्यं बोलून? फोन करतेस तो चालता चालता, आणि त्यातलं "आजी, ठेवते हं" एवढंच मला नीट ऐकू येतं. परवा जरा थांबलीस तर काय सांगितलंस, की जर्मन युद्धनौकेचा डबा आणलाय, आत बारीक बारीक तुकडे आहेत, सुट्टीला ते चिकटवत बसते. मी विचारलं, बुडाला रंग कोणता देतेस? तर म्हणालीस, "आजी, तुला नाही कळायचं ते."

मला नाही कळायचं? अगं पोरी, तसल्या जहाजाच्या बुडापायी मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कशाला भ्याले नाही. तुझ्या बापाला ते आठवायचं नाही, तो तेव्हा पाटी-दप्तरातला. म्हणून आता गप ऐक.

तुझे आजोबा नांदेडला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा. दिवसभर कालवे नि बांध उतरवायचे, घरी आले की जहाजं. समुद्र काही त्यांनी बघितला नव्हता. झालं असं की रद्दीवाल्याकडं त्यांना एक फाटकं परदेशी मासिक मिळालं. अक्षर लागेना, पण मधल्या पानांवर जर्मन युद्धनौकांचे नकाशे होते. वरून कशी दिसते, बाजूनं कशी, मधून कापली तर कशी. "मजकूर कशाला पायजे," हे म्हणाले, "रेघ तर वाचता येते." तिथून जे लागलं ते लागलं. जर्मनच का, तर नकाशे जर्मन मिळाले म्हणून. त्यांचा झेंडा मात्र कधी लावला नाही. म्हणायचे, ती माणसं लई वाईट होती, तेवढं माझ्या घरात नको.

सगळं दोनशेला एक या मापात. खऱ्या जहाजाचे दोनशे हात तिथं यांचा एक हात. फायलींच्या पुठ्ठ्याच्या फासळ्या, वरून पुठ्ठ्याचीच कातडी. तोफांच्या नळ्या संपलेल्या रिफिलच्या. वरच्या फळ्या ज्वारीच्या धाटाच्या सालीच्या, ब्लेडनं चिरून एकीला एक लावलेल्या. वाळली की ती साल सागवानासारखी दिसते. कठड्याला माझा शिवणाचा दोरा, डिंकात बुडवून ताणलेला. मी कुरकुर करायची, पण दोरा धरायला मीच बसायची. श्वास सोडला तरी दोरा हलतो, म्हणून आम्ही दोघंही श्वास धरून बसायचो. लग्नानंतर एवढं जवळ बसायचं ते तेवढंच.

मग लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं. नवा जिल्हा, नवी ऑफिसं, नव्या पाट्या, आणि यांची बदली तिकडं. पाट्या नव्या पण आभाळ कोरडं. नांदेडला गोदावरी होती, भर उन्हाळ्यात कुठल्यातरी डोहात पाणी दिसायचंच. इथं विहिरीत वाकलं की तळाचा दगड दिसायचा. आम्ही चार बिऱ्हाडं एका लिंगायत म्हातारीच्या घरात भाड्यानं राहायचो. पुढं तिचं किराणा दुकान, मागं आम्ही, आणि मधल्या अंगणात दगडी हौद. टँकर आला की पाईप त्यात सोडायचा. पिणं, रांधणं सगळं त्यावर. म्हातारीला सगळे अव्वा म्हणायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, जिभेला धार. हौदाला लाकडी झाकण होतं आणि झाकणावर अव्वाची नजर.

त्यातच माझी धाकटी नणंद लोह्याहून बाळंतपणाला आली. माझे सासू-सासरे आधीच गेलेले, म्हणजे तिचं माहेर ते आम्हीच. आधीचं एक पोटातच गेलेलं. हे आणायला गेले तेव्हा तिच्या सासूनं दारात उभं राहून बजावलं होतं, "भरल्या ओटीनं पाठवून राहिलो. भरल्या ओटीनंच परत पायजे." ते वाक्य माझ्या उशाशीच झोपायचं म्हण ना.

आणि यांनी बांधायला घेतलेलं सगळ्यांत मोठं जहाज त्याच दिवसांत पुरं झालं. पाळण्याहून लांब. पुढं दोन नि मागं दोन तोफांचे बुरूज, बोट लावलं की गरकन फिरायचे. आधीची जहाजं फळीवर उभी असायची. हे मात्र त्यांना पाण्यात बघायचं होतं. "खऱ्या जहाजाचं पाण्याखालचं बूड लाल, वरचं राखाडी," ते मला सांगायचे. "पाणी बरोबर त्या दोन रंगांच्या मधे टेकलं तर नकाशा खरा उतरला, न्हाई तर सगळा खेळ." पुठ्ठा भिजू नये म्हणून कोणीतरी त्यांना जुन्या नावाड्यांची रीत सांगितली, शेंदूर जवसाच्या तेलात मळून बुडाला फासायचा. पूजेच्या दुकानातून शेंदूर आणला, मारुतीला लावतात तोच. तेल अव्वाच्या दुकानातलं. लाल कसलं, शेंदरीच झालं ते, पण हे खूश.

परात उथळ, बादली आखूड. उरला हौद. हे भीत भीत अव्वाकडं गेले.

"अव्वा, जरा हौदात जहाज सोडून बघू का?"

"कशाचं जहाज?"

"जर्मनचं."

अव्वानं बोटानं टकटक वाजवून पाहिलं. "जर्मनचं म्हणून राहिले आन लागतंय पुठ्ठ्याचं." तिला पातेल्याचं जर्मन ठाऊक, म्हणजे ॲल्युमिनियम. "बुडाला काय फासलंय?"

"शेंदूर."

शेंदूर म्हटल्यावर ती निवळली. "मग सोडा की. देवाचा हाय. पाणी बाटत न्हाई."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. डब्यातला रंग असता तर तिनं हौदाच्या आसपास फिरकू दिलं नसतं. पण मारुतीच्या पायावरचं पाणी आपण तीर्थ म्हणून पितो, तर शेंदराला कोण नाही म्हणणार?

जहाज सोडलं. जरा डुललं, आणि मग थांबलं. पाणी बरोबर रेघेवर. हे नुसते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. आणि काय योग बघ, त्याच दुपारी पाळी नसताना टँकर आला. पाईपाची धार हौदात पडली आणि जहाज खरंच समुद्रात असल्यासारखं वरखाली व्हायला लागलं. बायका गोळा झाल्या. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, काढू नका. याचा पायगुण हाय, बरकत आली." मग हळद-कुंकू आलं, निरांजन आलं. जर्मन तोफांना मी स्वतः ओवाळलं. जहाज हौदातच राहिलं. डोलकाठी वर येत होती म्हणून झाकणही लागेना.

त्यानंतर एका सकाळी मी कळशी बुडवली, तर हौदाच्या दगडाला पाण्याच्या कडेनं तांबूस वळ दिसला. बोट फिरवलं, बोट शेंदरी झालं. तेल वाळलंच नव्हतं, शेंदूर सुटत होता. तरी मला काही वाटलं नाही. मागं नणंद तांब्यानं पाणी पीत होती. म्हणाली, "वहिनी, हे पाणी गोड लागून राहिलंय बघ."

आणि मग आठवलं. आमच्या माहेरच्या गावात एक भजनी बुवा होते, ऐन उमेदीत त्यांचा गळा गेला. आई म्हणायची, कोणीतरी विड्यातून शेंदूर घातला. शेंदूर पोटात गेला की आवाज जातो, हे लहानपणी आम्हाला मुलींना सुद्धा माहीत होतं. हातातली कळशी मी तिथंच पालथी केली. मोठ्या माणसाचा आवाज जातो, तर ज्याचा आवाज अजून झालाच नाही त्याचं काय?

यांना आत बोलावून सांगितलं. ते खाटेवर बसले.

"किती प्यायली असंल ती?"

"तहान लागंल तेवढं," मी म्हणाले. "दिवस भरलेली बाई, उन्हाळा."

त्यांनी आधी जहाज बाहेर काढलं, पोत्यात गुंडाळलं. मग दारोदार जाऊन सांगितलं. शेजारणीनं, जिनं बरकत म्हटलं होतं तिनंच, पहिला वार केला. "गावाला समुद्र न्हाई आन जहाजं बांधून राहिले. आता आमची पोरं मुकी झाली तर ह्याच जहाजात बसून पळणार काय?" दुसरी म्हणाली, पाणी फडक्यानं गाळून घेऊ, पुढचा टँकर कधी येतो कोणाला ठाऊक.

"गाळून रंग जाईल," अव्वा म्हणाली. "गुण जातो का?"

"मग प्यायचं काय, अव्वा?"

"हापशाचं खारं प्या. मरत न्हाई."

आणि तिनं पदर खोचून हौदाच्या तळाचा बोळा स्वतः ओढला. त्या दिवसांत पाणी असं वाहताना कोणी बघितलं नव्हतं. मयताच्या दारात उभ्या राहतात तशा बायका मोरीजवळ उभ्या होत्या.

तपासणीच्या निमित्तानं मी नणंदेला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिला बाहेर बसवून डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "शेंदूर म्हणजे शिसंच ते. किती पोटात गेलं मला सांगता येणार नाही. ते पाणी बंद करा, दूध द्या. बाळ जन्मल्यावर रडतं का ते बघू." बाकीचं सगळं मी विसरले. रडतं का ते बघू, एवढंच डोक्यात राहिलं.

मग जे दिवस गेले ते काय सांगू. उठल्या उठल्या प्रत्येक बिऱ्हाडातून खाकरल्याचा आवाज यायचा. जो तो आपला गळा तपासून बघायचा. पोरांना आया उगीच मोठ्यानं पाढे म्हणायला लावायच्या. आणि तुझे आजोबा बोलायचेच थांबले. ऑफिसला जायचे, यायचे, भिंतीकडं बघत बसायचे. गल्लीत झालं, यांचा गळा गेला. शेवटी अव्वा आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय हो, बोलून दाखवा."

"काय बोलू, अव्वा?"

"झालं. शाबूत हाय. आता तोंड पाडून त्या पोरीला भिववू नका."

नणंदेपासून आम्ही लपवलं होतं, पण अशी गोष्ट भिंतीपलीकडून येतेच. एक दिवस शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "वहिनी, मुकं झालं तर?"

मी म्हणाले, "तर मामावर गेलं म्हणू. मामा तरी कुठं बोलतो?" ती हसली, आणि हसता हसता तिनं पोटावर हात दाबून धरला. तो हात मला अजून दिसतो. सासरी कोणत्या तोंडानं जायचं, हे तिनं विचारलं नाही. मीच मनात रोज विचारायची.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दाराला कान लावून उभी, हे समोरच्या भिंतीला टेकून. आतून नर्सबाईंचा आवाज, नणंदेचा आवाज, भांड्याचा आवाज. मग तेही थांबलं. काहीच नाही. मी यांच्याकडं बघितलं नाही. आत कोणीतरी थोपटलं, पुन्हा थोपटलं. मला वाटलं आपल्याच कानात काहीतरी झालंय.

मग आलं. रडणं म्हणवत नाही त्याला, जुनी खाट करकरते तसं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. मग सलग. हे भिंतीवरून घसरत खाली बसले आणि मुलासारखे रडले. आत जे रडत होतं त्याच्याहून मोठ्यानं.

मुलगी झाली. ती म्हणजे तुझी लोह्याची आत्या. नणंदेच्या सासरचे बघायला आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं तेच विचारलं, "आवाज असा बसका का हो?" मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून वाट बघून बघून रडली." त्या हसल्या, विषय मिटला. माझा मिटला नाही. पोर उशिरा बोलली. तोवर मी दर सणाला लोह्याला जायची, कडेवर घेऊन तिच्याशी उगीच बडबडायची, तिनं एक अक्षर परत द्यावं म्हणून.

बोलली ती. आता तर थांबत नाही. पण आवाज बसकाच राहिला. तू लहानपणी तिची नक्कल करायचीस आणि मी तुला रागावायची, तुला कळायचं नाही का रागावते. शेंदराचा आवाज की जन्माचा, कोणी सांगितलं नाही, आणि कोणाला विचारायचा धीर मला अजून झाला नाही.

ते जहाज यांनी गावाबाहेर माळावर पुरलं. जहाजं पुढंही बांधली, पण एकालाही पाणी दाखवलं नाही, आणि बूड राखाडीच ठेवलं. नकाशात लाल आहे म्हटलं तरी राखाडी.

तुझा डब्यातला रंग वेगळा असेल, शिकलेली आहेस, वाचून घेतलं असशील. तरी हात धुवत जा. आणि एक ऐक. तू फोनवर "आजी" म्हणतेस ना, तेव्हा मी आधी शब्द ऐकत नाही, गळा मोकळा आहे का ते ऐकते. ती सवय लागली ती लागलीच. आता माझे कान उतरलेत, फोनच्या यंत्रातून सगळ्यांचेच आवाज सारखे बसके लागतात, आणि मग दिवसभर जिवाला घोर. फोनवर भागत नाही, पोरी. समोर बसून बोल. ये लवकर.