मावशीचा डॉक्टरवर दात

मी फोनवर वाचायची चित्रकथा काढते, दर शुक्रवारी एक भाग. तिची नायिका म्हणजे एक कवळी. नाव अठ्ठाविशी. ती पेल्यातून उडी मारून बाहेर पडते, ज्याच्या तोंडात बसेल त्याच्याकडून खरं वदवून घेते आणि काम झालं की खटखट करत पुढच्या घरी निघते. ही सुचली कशी, असं वाचक सारखं विचारतात. परवा एकीने स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "नक्की तुमच्या आजीची कवळी असणार. किती गोड!" गोड कसलं डोंबल. अठ्ठाविशी सुडातून जन्मली आहे. तो सूड मी डोळ्यांनी पाहिला, त्याला हातभारही लावला, त्यामुळे सांगायचा हक्क माझा आहे.

सूड माझ्या मावशीचा. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, कवळ्या बनवते. विसाव्या वर्षापासून हेच काम. माणसांची नावं ती विसरते, जबडे विसरत नाही. माझा एक मित्र पहिल्यांदा घरी येऊन गेला तेव्हा आईने तिला विचारलं, कसा वाटला गं? मावशी म्हणाली, "वरचा डावा सुळा आत वळलाय, बाकी ठीक." पुढे आमचं फिसकटलं, आणि आता त्याचं म्हणून मला काही आठवत असेल तर तो सुळाच.

बावीस वर्षं ती एका दातांच्या डॉक्टरकडे होती. दवाखान्याला पुढे मोठ्या खिडकीची बसायची खोली, मध्ये डॉक्टरची खोली आणि मागे मावशीची. तिची खोली कसली, कोनाडाच तो. एक बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, फळीवर ओळीने प्लास्टरचे पांढरे जबडे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घ्यायचा, मावशी मेणात एकेक दात बसवायची. ती पेशंटचा तरुणपणचा हसरा फोटो मागवून घ्यायची आणि त्यात एखादा दात तिरका असला तर कवळीतही तेवढाच तिरका ठेवायची. लोक आरशात बघून हरखून जायचे. डॉक्टर सांगायचा, "ही माझी खास पद्धत." वयाचा मान ठेवावा हे मला कळतं, पण या माणसाला मी अहोजाहो करणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्याकडे मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, भाषा शिकवायच्या. सातवीत मावशी त्यांच्या वर्गात होती. बाई निवृत्त होणार होत्या, निरोपाचा समारंभ जवळ आला होता आणि त्याआधी त्यांना कवळी हवी होती.

कवळी करताना वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते मेणावर चावून घेतात. डॉक्टरलोक त्याला बाइट म्हणतात, मावशी चावा म्हणते. घाबरलेला माणूस चावताना खालचा जबडा पुढे काढतो. बाईंनीही काढला. मावशीने प्लास्टरचे साचे जुळवले, बघितले आणि डॉक्टरकडे जाऊन म्हणाली, "डॉक्टर, चावा पुढे आलाय. परत घ्या." त्याला घाई होती. त्याने खिशातली पेन्सिल काढली, साच्याच्या बुडावर लिहिलं, 'चलेल. पुढचं करा,' आणि खाली सही ठोकली.

मग व्हायचं तेच झालं. निरोपाच्या भाषणात बाईंची कवळी प्रत्येक शब्दाला खटखट वाजायला लागली. पुढच्या रांगेतली मुलं हसली, मग मागची हसली, मग शिक्षकही खाली माना घालून हसले. पस्तीस वर्षं जिने शुद्ध उच्चार शिकवले तिचं नाव शेवटच्या दिवशी खटखटबाई पडलं.

दुसऱ्या दिवशी बाई कवळी रुमालात गुंडाळून दवाखान्यात आल्या. खोली पेशंटांनी भरलेली. डॉक्टरने मावशीला हाक मारून बाहेर बोलावलं. तिच्या बोटांना अजून मेण होतं. "बघा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिचा हा प्रताप. मी सांगतो एक, ही करते दुसरंच. उद्यापासून हिने यायची गरज नाही."

आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बसवणाऱ्या माझ्या मावशीची दातखीळ बसली. साचा मागे फळीवर होता, त्यावर याचीच सही होती. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सातवीत होतीस ना तू माझ्या वर्गात?" त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

घरी जाताना मावशीने फक्त तो साचा उचलला. पुढे तिने सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आणि इतर डॉक्टरांची कामं करायला लागली. साचा कपाटात, साड्यांच्या मागे. मी तिला शंभरदा म्हटलं असेन, जा आणि बाईंना दाखव. ती म्हणायची, "मी दाखवून काय होणार? पुरावा हातात घेऊन दारात उभी राहू, भीक मागायला आल्यासारखी? त्याने सांगितलं पाहिजे. त्याच खोलीत, बाईंसमोर, त्याच्या तोंडाने." अकरा वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नाही. तिचा एकाच माणसावर दात होता आणि तो तिने अगदी घट्ट बसवला होता.

गेल्या वर्षी एका दुपारी त्या खोलीचा जिना चढून एक बाई आली. दवाखाना आता तीच चालवत होती. डॉक्टरची सून, स्वतःही डॉक्टर, बिचारीला मागचं काही ठाऊक नव्हतं. सासऱ्याचे सगळे दात गेले होते. तीन ठिकाणी कवळ्या करून झाल्या, एकही बसेना. पंधरा दिवसांवर त्याचा सत्कार होता आणि त्याला भाषण करायचं होतं. "सगळे म्हणतात, तुमच्यासारखा हात नाही," सून म्हणाली, "कराल का?"

मी कोपऱ्यात बसून औषधाच्या खोक्यावर छापायचं चित्र काढत होते. ब्रश माझ्या हातातून पडला. मावशीने मात्र सुनेने आणलेला सासऱ्याचा साचा शांतपणे हातात घेतला आणि फिरवून पाहिला. "करते," ती म्हणाली. "पण मेणातल्या दातांची ट्रायल मी स्वतः घेणार. तीही बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. दातांचा रंग दिव्यात कळत नाही. गुरुवारी सकाळी अकराला उजेड चांगला असतो."

सून गेल्यावर मी उड्याच मारल्या. "मावशी, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे कर. भर सभेत पडू दे बाहेर. जन्मभर जीभ चावत बसू दे!"

मावशी अशी भडकली की मी दोन पावलं मागे सरले. "वाईट काम करू? मी? म्हणजे तो म्हणेल, बघा, अकरा वर्षांपूर्वी मी सांगत होतो तेच खरं. तो अशी कवळी घालेल की त्याला स्वतःचे दात आठवणार नाहीत. तू एक काम कर. कपाटातला साचा घे आणि बाईंकडे जा. मी पाठवलंय म्हणून सांगू नकोस."

बाई एकट्या राहत होत्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडावर रुमाल होता, आणि मी होते तितका वेळ तो खाली आला नाही. त्या समारंभानंतर त्यांनी दुसरीकडून कवळी करून घेतली होती, पण रुमालाशिवाय चार माणसांत बोलल्या नव्हत्या. मी साचा त्यांच्या हातात दिला आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बुडावरची पेन्सिल वाचली. बराच वेळ वाचली.

"'चलेल' नाही, 'चालेल'," त्या रुमालातून म्हणाल्या. "काना खाल्लाय." मग म्हणाल्या, "गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी खोलीत सात-आठ पेशंट होते. बाई कडेच्या बाकावर, रुमालासकट. डॉक्टरने त्यांना ओळखलं नाही. मावशीला ओळखलं आणि हसला, जणू ती चार दिवसांच्या रजेवरून परत आली होती. "अरे वा, तुम्ही का! बरं झालं." खिडकीपाशी खुर्ची मांडली होती. मावशीने मेणातले दात त्याच्या तोंडात बसवले, हनुवटीला बोट लावून जबडा मागे घेतला, रंग पाहिला. मान्य करते, सुंदर काम होतं. माकडाला मोत्याचे दात.

"आता उच्चार," मावशी म्हणाली. "साठपासून मोजा."

"साठ, एकसष्ट, बासष्ट," तो मोजायला लागला. सत्तरपर्यंत स्वच्छ.

"'स' छान. 'च' बघू. चंद्र म्हणा."

"चंद्र."

"चंद्राचा च बरा आहे. आता चुकीचा च. माझ्यामागून म्हणा. चावा चुकीचा घेतला."

"चावा चुकीचा घेतला," तो म्हणाला. पेशंट जसे काही न ऐकता म्हणतात तसा.

"चुकीचा च अडतोय. चूक माझी होती."

तो थांबला. त्याने पहिल्यांदा मावशीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मला दिसलं, त्याला सगळं आठवलं होतं. एक दिवसही विसरला नसणार मेला. त्याने सुनेकडे पाहिलं. सून मागे वही घेऊन उभी होती. "म्हणा ना बाबा," ती म्हणाली, "'च' तपासायलाच हवा. भाषणात अडलात तर?"

"नको असेल तर काढते," मावशी म्हणाली आणि हात पुढे केला. आवाज असा की दूध हवंय का नको, विचारतेय.

"चूक माझी होती," डॉक्टर म्हणाला.

"'ष' बघू. दोष हिचा नव्हता."

"दोष... दोष हिचा नव्हता."

खोलीतल्या पेशंटांना काही कळलं नाही. एक जण फोनमध्ये होता, एक जण गाल धरून बसला होता. त्यांच्या लेखी दातांची तपासणी चालली होती. माझा जीव जळला. एवढी अकरा वर्षं, आणि हा असा पुटपुटून सुटणार?

तेवढ्यात कडेच्या बाकावरून आवाज आला. शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत पोचणारा आवाज.

"ऐकू आलं नाही. शेवटच्या बाकापर्यंत आलं पाहिजे. उभे राहा, आणि तिन्ही वाक्यं पुन्हा म्हणा."

बाई उभ्या होत्या. रुमाल हातात होता, तोंडावर नव्हता. दुसऱ्या हातात तो साचा होता, बुड डॉक्टरकडे करून धरलेला. डॉक्टरने साचा पाहिला, सही पाहिली, मग त्यांचा चेहरा. फोनवाल्याने मान वर केली. सुनेची वही खाली आली. तो उभा राहिला आणि शिक्षा झालेल्या मुलासारखा, खणखणीत आवाजात म्हणाला, "चावा चुकीचा घेतला. चूक माझी होती. दोष हिचा नव्हता."

"हिचा म्हणजे कोणाचा?" बाई म्हणाल्या.

त्याने मावशीकडे बोट केलं. आता मात्र खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"हं," मावशी म्हणाली. "आता बसली. आठ दिवसांत पक्की करून देते."

दिलीही. सत्कारात कवळी जागची हलली नाही म्हणे. हलेल कशी? आता माझ्या मावशीच्या हातचे दात लावल्याशिवाय त्याला घास चावता येत नाही, आणि हे रोज, मरेपर्यंत. मला त्याची दया येते का? मुळीच नाही. घरी आले आणि अठ्ठाविशीचा पहिला भाग काढला, त्यातली खोली, खिडकी, खुर्ची सगळं जसंच्या तसं. मी बत्तीस दात काढले होते. मावशी म्हणाली, "कवळीत अठ्ठावीसच असतात. हसं करून घेशील." त्यावरून नाव पडलं.

पण मला शेवट जिन्यावर करायचा आहे. आम्ही तिघी दवाखान्याचा जिना उतरत होतो. बाई मध्येच थांबल्या, मावशीचा दंड धरला आणि तोंडावर रुमाल न धरता म्हणाल्या, "तुझ्याकडून हीच अपेक्षा होती."

मला वाटलं, मावशी आता रडणार. तिने मान तिरकी करून बाईंच्या ओठांखाली पाहिलं. "बाई, ही कवळी कुणी केली तुमची?" ती म्हणाली. "वरचे चार दात पार चुकलेत. उद्या दहाला या माझ्याकडे. आणि येताना तरुणपणीचा फोटो आणा, हसतानाचा."