साडूंचा बारा एक्स

माझे साडू गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला होते, मी आरमोरीला शाळामास्तर. ते वयानं लहान, पण लांब झूमचा डिजिटल कॅमेरा आमच्या नात्यात पहिला त्यांनी घेतला. "बारा एक्स आहे, भाऊ. तळ्याच्या त्या काठचा बगळा इथी येते," असं ते सगळ्यांना दाखवत.

त्या हिवाळ्यात दोन्ही घरं घोडाझरीच्या तलावावर गेलो. महिन्याभरानं साडूंकडून फोटोंचं पाकीट आलं. त्यात माझ्या बायकोचा एक फोटो होता. दुरून काढलेला. डोकं मागं टाकून, पदराचं भान नसल्यासारखी ती हसत होती. माझ्या साध्या कॅमेऱ्यापुढे ती नेहमी हात सरळ सोडून, प्रार्थनेला उभं राहावं तशी उभी राहायची. तिनं तो फोटो चौकटीत घालून टीव्हीवर ठेवला. समोर जेवायला बसलो की माझा घास तोंडात फिरायचा.

"पदर तरी सावरायचा," मी एकदा म्हणालो.

"सांगून थोडीच काढला," ती म्हणाली. ते मला आणखी लागलं.

वर्षभरानं आम्ही चंद्रपूरला कॅमेरा घ्यायला गेलो. दुकानदारानं दोन समोर ठेवले. एक बारा एक्स, हात हलला तरी चित्र सांभाळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा. दुसरा अठरा एक्स.

"फिरतीले न्यायचा ना, गुरुजी? मंग हा सेलवाला घ्या. भामरागडकडे लाईट नसली तरी सेल भेटते. अठराच्यात फोटो लय हलते."

दुकानदार खरं बोलत होता, हे मला तिथंच पटलं होतं.

"अठराचा द्या," मी म्हणालो.

मग मार्कंड्याला गेलो, पुन्हा दोन्ही घरं. वैनगंगेच्या काठावर मी झूम पुरता ताणून बायकोवर धरला. ती बहिणीशी बोलत होती, तरी तिला कसं कोण जाणे कळलं आणि ती ताठ झाली. फोटोही हलला. दहा काढले, दहाही हलले.

साडू शेजारी येऊन बसले. "कोपरं गुडघ्यावर टेका, भाऊ. श्वास धरा."

मला राहवलं नाही. "घोडाझरीचा तिचा फोटो तुम्ही असाच काढला काय?"

"तो मी कुठी काढला? मी तं गाडीचं चाक बदलून राह्यलो होतो. तिच्या बहिणीनं काढला. लहानपणीचं काईतरी सांगून हासवलं तिले, अन् मंग दुरून काढला."

मला लाज वाटली. पण मत्सर गेला म्हणावं, तर तेही खरं नाही. तो साडूंवरून उठून मेहुणीवर जाऊन बसला. बायकोचं असं काहीतरी होतं, जे लग्नाला अठरा वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं.

परतताना बसमध्ये मी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"वर्षभर हे मनात ठेवून जेवत होते तुमी?" ती म्हणाली. "मले विचारलं काऊन नाई?"

उत्तर देण्याऐवजी मी विचारलं, "बहिणीनं तुला काय सांगितलं होतं?"

"घरी सांगीन," ती म्हणाली, आणि तिनं कॅमेऱ्याची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.