अंबुबाईचं प्राग

चिंचवडच्या छबूबाईनं उभ्या जन्मात पुणं दोनदाच पाहिलं, पण प्राग शहर तिला तोंडपाठ होतं.

सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उठत होते. त्यातल्या एकाची यंत्रं बसवायला एक गोरा साहेब बायकोला घेऊन आला होता. दोघंही प्रागचे. छबूबाई त्यांच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. मडमेला इथं करमत नसे. दुपारी ती चित्रांचं जाडजूड पुस्तक उघडायची, छबूबाईला खाली बसवायची आणि मोडक्यातोडक्या हिंदीत आपलं गाव दाखवायची.

ते सगळं छबूबाई घरी नेऊन सासूला सांगे. अंबुबाईचे डोळे देवीच्या साथीत गेले, त्याला तीस वर्षं झाली होती. एकुलता लेक दगडखाणीत मेला. घरात या दोघीच.

"नदीवर दगडी पूल हाय, आत्याबाई. सहाशे वर्सांचा. दोन्ही अंगाला साधूंच्या मूर्ती. चुना घट व्हावा म्हनून राजानं गावोगावची अंडी मागवली म्हनं. एका गावानं वाटंत फुटू न्हाईत म्हनून उकडूनच धाडली!"

अंबुबाई पोट धरून हसली. "आपल्यावानीच येडी हायती की गं!"

गढीच्या खिडकीतून लोकांनी तिघा कारभाऱ्यांना खाली फेकलं आणि उकिरड्यावर पडल्यानं ते वाचले, ही गोष्ट म्हातारी रोज नव्यानं सांगायला लावी. घड्याळाच्या गोष्टीला मात्र ती हसली नाही. चौकातल्या बुरुजावर मोठं घड्याळ. तास भरला की हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो, वरच्या झरोक्यांतून येशूचे चेले फिरून जातात. असं दुसरं कुणाला करून देऊ नये म्हणून पंचांनी कारागिराचे डोळेच काढले, अशी तिकडची दंतकथा.

"मंग त्याला जेवाय कोन घालत हुतं?" अंबुबाईनं विचारलं.

छबूबाईनं दुसऱ्या दिवशी मडमेला विचारलं. मडमेला ठाऊक नव्हतं. तेव्हा घरी येऊन छबूबाईनं मनानंच सांगितलं, "त्याची सून घालत हुती."

म्हातारीनं चाचपत तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढं हे साहेबाच्या कानावर गेलं. त्यानं छबूबाईकडून सगळं क्रमानं घोटून घेतलं आणि शेवटी त्यांच्या बोलीतलं एक वाक्य म्हणायला शिकवलं. त्याचा अर्थ 'या सुंदर शहराला माझा नमस्कार', असं त्यानं सांगितलं. छबूबाईनं ते सासूलाही शिकवलं. अंबुबाई सकाळी तुळशीला हात जोडून झाले की तेही म्हणे.

एका रविवारी दुपारी बंगल्यावर पाहुणे जमले. साहेबानं छबूबाईला मधोमध उभं केलं. तिनं पूल, गढी, घड्याळ, सगळं न अडखळता सांगितलं. शेवटी हात जोडून ते वाक्य म्हटलं. पाहुणे खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. साहेबानं तिला तीनदा म्हणायला लावलं. तिला वाटलं, आपलं नाव झालं. मडम तेवढी खाली मान घालून चहा ढवळत राहिली.

पाहुण्यांत एका अधिकाऱ्याची बायको होती, सुमनताई. पाणी प्यायला ती स्वैपाकघरात आली. अजून तिचं हसू ओसरलं नव्हतं.

"अगं, तू काय बोललीस ते ठाऊक आहे का?"

"शहराला नमस्कार केला, बाईसाहेब."

"नमस्कार कसला! 'मी म्हातारी कोंबडी, माझं ढुंगण बघा.' साहेबांनी तू यायच्या आधीच आम्हाला इंग्रजीत सांगून ठेवलं होतं."

छबूबाईनं कपबशा विसळल्या, पुसल्या, मांडून ठेवल्या. मग ती घरी आली.

अंबुबाई उंबऱ्यात बसली होती. पावलांची चाहूल लागताच तिनं हात जोडले आणि हसऱ्या तोंडानं तेच वाक्य म्हटलं.

"थोबाड बंद कर!" छबूबाई ओरडली. "जळालं ते गाव!"

"आँ? कवा?"

"लढाईत. राख झाली समदी."

"पूल बी?"

"पूल बी. मूर्ती, गढी, घड्याळ, समदं."

"आन् त्या कारागिराची सून गं?"

छबूबाईला तिथं थांबता आलं असतं. "ती? ती तर आदीच पळाली. आंधळ्याला उपाशी टाकून."

अंबुबाई रडली, जवळचं माणूस गेल्यासारखी. त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही. छबूबाईनंही आग्रह केला नाही.

पुढच्या रविवारी साहेबानं पुन्हा बोलावलं. छबूबाई गेली, उभी राहिली आणि सगळं म्हणाली, शेवटच्या वाक्यासकट. काम सोडून जाणार कुठं?

घरी अंबुबाईनं प्रागचं नाव पुन्हा काढलं नाही. पण घडीघडीला ती आतून हाक मारायची, "छबे, हाइस न्हवं?" छबूबाई चुलीपाशीच असायची. कधी ओ द्यायची. पुष्कळदा द्यायची नाही. मग म्हातारी भिंत धरत, धडपडत दारापर्यंत यायची, आणि छबूबाई मुकाट्यानं बघत राहायची.

माघात अंबुबाई गेली. आदल्या दुपारी तिनं चार हाका मारल्या होत्या. छबूबाईनं त्या चारही ऐकल्या होत्या.