केकमधला पिवळा थर

रोज सकाळी व्हर्ना स्टकी कुत्र्याला घेऊन बाहेर पडायची आणि जो पहिला भेटेल त्याला थांबवायची. कुत्र्याचा पडका कान दोन बोटांत धरून वर करायची आणि विचारायची, “नीट बघून सांग. कोण असेल हा?”

पोस्टमन असो नाहीतर गॅसची टाकी भरायला आलेला माणूस, उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. उत्तराशी ती वाद घालत नसे. “असेल, असेल,” म्हणायची, आणि त्या दिवसापुरता कुत्रा तोच असायचा. पलीकडच्या घरांच्या ओळीतल्या निवृत्त सैनिकाने जर्मन शेफर्ड सांगितलं, त्या दिवशी ती कुत्र्याशी हुकमी आवाजात बोलली. कोणी बीगल म्हणालं तर त्याला गटाराच्या कडेने हवं तेवढं हुंगू द्यायची.

कुत्र्याचं नाव ग्रेव्ही. व्हर्नाचा सगळा जन्म गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात रांधण्यात गेला होता, आणि तपकिरी रंगाच्या सगळ्या छटांना तिच्याकडे खाण्याचीच नावं होती. ग्रेव्हीचं डोकं रुंद, छाती पांढरी, शेपूट पाठीवर वळलेलं, आणि पाय अंगाच्या मानाने आखूड. चार कुत्र्यांचं उरलंसुरलं एकत्र केल्यासारखा. नवरा गेला त्या हिवाळ्यात तिने त्याला काउंटीच्या बेवारशी प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलं. पिंजऱ्यावर पाटी होती: लॅब मिक्स, म्हणजे लॅब्राडॉरचा संकर.

आमचं पार्क इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला, नदीपासून जवळ. नुसतं नावाचं पार्क, झाड एकही नाही. चाकं काढून विटांवर टेकवलेली लांबट घरं ओळीने उभी. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन मालकाची. आणि इथल्या प्रत्येक घरात एक चेरोकी पणजी असते, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी जमातीतली. तिला कोणी पाहिलेलं नसतं, तिचा फोटो नसतो. पण गालाचं हाड जरा वर आलेलं असलं, की ते तिच्याकडून आलेलं असतं. व्हर्नाच्या शेजारच्या लोरेटा पिलची पणजी तर राजकन्याच होती.

मी समोरच्या घरात राहायचे. एकदा पायरीवर बसून मटार सोलताना मी व्हर्नाला विचारलं, “तो कोण आहे हे कळून तुम्हाला काय मिळणार?”

“आपल्या पायाशी कोण झोपतंय ते माणसाला कळायला नको?” ती म्हणाली. मग हातातल्या शेंगेने खाली दाखवलं. ग्रेव्ही तिच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता आणि झोपेत त्याचे पाय पळत होते. “हे बघ. हा कुठे पळतो? त्याच्या बापाने मेंढ्या राखल्या असतील तर हा मेंढ्यांमागे पळत असेल. आजा शिकाऱ्याची बदकं उचलून आणणारा असेल तर पाण्यातून पळत असेल. माझ्याकडे आला तेव्हा हा मोठाच होता. याचं आधीचं काहीच मला ठाऊक नाही. निदान स्वप्न तरी कळेल.”

त्या उन्हाळ्यात पार्काच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. लोरेटा आपले केस पुढे घेऊन दाखवत होती. “या वयात एवढे काळे केस कोणाचे असतात, सांगा बघू! पणजीची देणगी.”

“देणगी कसली,” व्हर्ना पलीकडून म्हणाली. “कलपाची बाटली तुझ्या न्हाणीघरात आहे. मी पाहिली आहे. आणि नाकावरून विचारशील तर लोरेटा, तुझी पणजी जर्मन खाटीक असणार.”

लोक फार हसले. कोणीतरी ‘खाटीक राजकन्या’ म्हणालं आणि ते नाव उन्हाळाभर चिकटून राहिलं. हातातलं कणीस खाली ठेवून लोरेटाही हसली होती.

ऑगस्टमध्ये व्हर्नाचा वाढदिवस आला. लोरेटाने तिला एक डबी दिली. आत कापूस लावलेल्या काड्या होत्या. कुत्र्याच्या गालाच्या आतून फिरवायच्या आणि पोस्टात टाकायच्या. काही आठवड्यांत त्याचं सगळं खानदान कळणार.

“रोज सकाळी आमचं डोकं खातेस ना? घे. एकदाच काय ते कळू दे.”

व्हर्नाने तिला मिठी मारली. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून निकाल लोरेटाच्या ईमेलवर यायचं ठरलं. केकची कल्पना मात्र व्हर्नाचीच. आमच्याकडे बाळ यायचं असलं की मुलगा की मुलगी हे केकच्या पोटात दडवतात. कापल्यावर गुलाबी नाहीतर निळा निघतो. “आपण तसंच करू,” ती लोरेटाला म्हणाली. “तू केक कर. जेवढं रक्त तेवढा जाड थर. पिवळा लॅबचा, निळा बीगलचा, हिरवा शेफर्डचा. पिवळा चांगला जाड निघतो की नाही बघ!”

“आणि भलतंच काही निघालं तर?”

“मग लाल कर. लाल म्हणजे गंमत.”

निकाल आला तेव्हा लोरेटा कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी माझ्या पायरीवरून ऐकत होते.

“व्हर्ना, आलाय हं. तुला एकटीला आधी सांगू का?”

“तोंड उघडू नकोस! सगळी मजा घालवशील.”

“बघ हं. मी विचारलं होतं.”

“विचारलंस, विचारलंस. पळ आता.”

लोरेटा दोन पावलं गेली आणि वळली. “रँडललाही बोलाव. तुझ्या हातचं जेवून मोठा झालाय, त्याला बरं वाटेल.”

रँडल म्हणजे पार्कचा मॅनेजर. तो शाळेत असताना व्हर्ना त्याच्या थाळीत बटाट्याचा एक डाव जास्त वाढायची, कारण घरी त्याला रात्रीचं जेवण मिळतंच असं नव्हतं. तिने त्याला बोलावलं. तो स्वच्छ शर्ट घालून आला.

हॉलमध्ये फुगे लावले होते. ग्रेव्हीच्या गळ्यात व्हर्नाने आपला रुमाल बांधला होता. लोरेटाने झाकण काढलं. वरून पांढरा, गुळगुळीत केक.

“काप गं,” लोक ओरडत होते. “खानदान दाखव!”

व्हर्नाने सुरी घातली आणि पहिला तुकडा ताटलीत आडवा केला. वर निळ्याची एक बारीक रेघ होती. तळाशी हिरव्याची, त्याहूनही बारीक. मधला सगळा केक लाल होता.

“पिवळा कुठाय?” व्हर्नाने विचारलं. तिने दुसरा तुकडा कापला, जणू पहिल्यात चुकून राहिला असेल. “लोरेटा, पिवळा घालायचा विसरलीस.”

“पिवळा नव्हताच. थेंबभरसुद्धा लॅब नाही त्याच्यात.”

“मग हे लाल काय आहे?”

“पिट बुल,” लोरेटा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शब्द सुटा सुटा होता. “राजकन्या काही निघाली नाही बाई.”

एक-दोघं हसले आणि मग रँडलकडे बघून थांबले. रँडलच्या तोंडात घास होता. पार्कात जागा घेताना सगळ्यांना नियम वाचून दाखवतात: रॉटवायलर नाही, पिट बुल नाही. या जाती धोक्याच्या समजतात, आणि हा नियम नसेल तर विमा कंपनी विमा देत नाही. घास संपेपर्यंत तो चावत राहिला.

“मिस व्हर्ना,” तो शाळेतल्या सवयीने म्हणाला, “त्याचं डोकं मला काय दिसत नव्हतं? रोज दिसत होतं. पण पाटीवर लॅब होतं, म्हणून माझ्यासाठी तो लॅब होता.”

“मग असू दे ना रे तसाच.”

“आता कसं? सगळ्यांसमोर मी केक खाल्लाय.”

“अरे रँडल, त्याने आजवर कोणाला दात तरी दाखवलाय का?”

“दाताचा प्रश्न नाही. महिनाअखेरपर्यंत बघा काहीतरी. तुम्ही म्हणून तेवढे दिवस देतोय.” त्याने ताटली खाली ठेवली. लाल चुरा त्याच्या शर्टावर पडला होता. तो त्याने झटकला.

उरलेला केक लोरेटाने आपल्या ताटलीत भरून व्हर्नाच्या हातात दिला. “घेऊन जा. इथे फुकट जाईल.”

पार्क सोडायचं तर घर हलवावं लागलं असतं, आणि ते इतकं जुनं होतं की उचलताना मधोमध मोडलं असतं. बहीण फ्लोरिडात जिथे राहायची तिथे कुत्रे चालत नव्हते. पार्कातल्या कोणी घ्यावा तर नियम सगळ्यांना सारखाच. सकाळी व्हर्ना बाहेर पडली की लोक दाराआड थांबायचे. पोरांची सायकल लांबून वळायची. तोच कुत्रा, तोच पडका कान, पण आता त्याच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. आणि कोण असेल हा, असं विचारायचं तिनेही बंद केलं होतं.

महिना संपता संपता मी तिला शेल्टरला घेऊन गेले. गाडीत ग्रेव्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. वाटेत त्याचे पाय पळायला लागले. व्हर्नाने त्यांच्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

काउंटरवरच्या बाईने पेन उचललं. “बोला.”

“याला चांगलं घर बघून द्या,” व्हर्ना म्हणाली. “स्वभावाने गरीब आहे. पिट बुल आहे, मी टेस्ट केलीये.”

बाईने पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही बोलायला नको होतं.”

“का? खरं आहे ते.”

“म्हणूनच. अहो, आम्ही सगळ्यांच्या पिंजऱ्यावर लॅब मिक्सच लिहितो. जरा रुंद डोकं दिसलं की लॅब मिक्स. नाहीतर कोण नेणार? तुम्ही तरी नेला असता?”

व्हर्नाने खाली ग्रेव्हीकडे पाहिलं.

“तुम्ही गप्प राहिला असतात तर मी आत्ताही तेच लिहिलं असतं. एका आठवड्यात गेला असता.”

“मग लिही ना बाई. मी काही बोललेच नाही असं समज.”

बाईने मागे नजर टाकली. फायली लावणारी दुसरी बाई हात थांबवून इकडेच बघत होती. “टेस्ट झालेला पिट बुल आम्हाला लोकांना देता येत नाही. काउंटीचा नियम आहे. दोघींनी ऐकलंय हो.”

“मग त्याचं काय करता?”

“करावं लागतं ते करतो. एकच सुई असते.”

व्हर्नाने पट्टा मुठीत घट्ट धरला. “मी परत नेते याला.”

“कुठे नेणार?” बाईने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

व्हर्ना माझ्याकडे बघत होती. मीही पार्कातच राहत होते. मग तिने खाली वाकून त्याचा पडका कान दोन बोटांत धरला, वर केला आणि सोडून दिला. आतल्या दारापलीकडे मालकांना जाऊ देत नाहीत. ग्रेव्ही नव्या माणसाबरोबर शेपूट हलवत गेला. त्याला सगळीच माणसं आवडायची. थोड्या वेळाने कोणीतरी रिकामा पट्टा आणून काउंटरवर ठेवला.

नंतरही व्हर्ना रोज सकाळी त्याच वेळी बाहेर पडायची. हात कोटाच्या खिशात असायचे. आता लोक पुन्हा थांबायला लागले होते, हवापाण्याचं बोलायचे. लोरेटाची पणजीही परत आली. हॉलमधल्या जेवणात लोरेटा पुन्हा केस पुढे घेऊन बसायची आणि मध्ये कोणी बोलायचं नाही.

पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात व्हर्ना झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी मी दारातलं बर्फ ओढत होते, तेव्हा ती लोरेटाच्या पायऱ्या चढताना दिसली. हातात ताटली होती, घासून चकचकीत केलेली.

लोरेटाने दार थोडंसंच उघडलं. “अगं, राहू द्यायचीस. काही घाई नव्हती.”

“केक कोरडा झाला होता,” व्हर्ना म्हणाली. “पुढच्या वेळी पाण्याऐवजी ताक घाल.”