गॉलवेच्या कंपनीची चौकशी

सँट्रीतली ऑफिसची नोकरी सोडून मी सह्या घेणारी एजंट झाले, तेव्हा पहिले दोन महिने मला एका जागी बसवत नव्हतं. काम तसं साधं होतं. कंपनीनं कागद पाठवायचे, मी सही करणाऱ्या माणसाच्या घरी जायचं, पासपोर्ट तपासायचा, माझ्यासमोर सह्या करून घ्यायच्या आणि साक्षीदार म्हणून खाली आपली सही करायची. नोटरीच हवा असेल तर त्या माणसाला नोटरीकडे न्यायचं. पण कागदावर माझं नाव कायमचं राहणार, म्हणून काम देणारी कंपनी खरी आहे ना, हे आधी मलाच बघायला हवं होतं.

मी तपासतच सुटले. सरकारी नोंदीत नाव आहे का, डायरेक्टर कोण, फोन कुणी उचलतं का. एका कंपनीला माझ्या सहीचा नमुना ईमेलवर हवा होता. दुसरीला मी माणसाला न भेटताच सही केलेली चालणार होती. दोघींना नाही म्हटलं आणि हाताशी एकही काम उरलं नाही. नवरा लिक्सलिपच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला की मी त्याच्यापुढे लॅपटॉप धरायचे. एकदा तो म्हणाला, तू काम शोधतेयस की काम न करायची कारणं? मला राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

मग गॉलवेची कंपनी सापडली. ईमेल एक बाई पाठवायच्या, अगदी नेमके. पण नोंदीत डायरेक्टर म्हणून एका पुरुषाचं नाव होतं, आणि फोन केला की मशीनवर त्याचा आवाज यायचा, निरोप ठेवा, मी फोन करतो. त्याचा फोन कधीच आला नाही. चौथ्या निरोपानंतर मी बाईंना लिहिलं, डायरेक्टरशी बोलल्याशिवाय काम घेणार नाही. उत्तर आलं की येऊन भेट.

दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. वाटेत दोनदा थांबून परत फिरावं का, याचा विचार केला. पत्ता एका घराचा निघाला. साठीच्या बाईंनी दार उघडलं. पुढच्या खोलीत दोन टेबलं होती, एकावर फायली, दुसरं रिकामं. मी बसायच्या आधीच विचारलं, डायरेक्टर कुठे आहेत?

"फेब्रुवारीत गेला. माझा नवरा," त्या म्हणाल्या. "मशीनवरचा आवाज काढायला हात होत नाही."

त्यांनी चहा आणला. मी कप धरून नुसती खोलीभर बघत राहिले. तेव्हाच निघाले असते तर सोपं झालं असतं. पण त्यांनी पाठवलेले नमुन्याचे कागद माझ्या पिशवीत होते, आणि त्यांवर अजून त्याचंच नाव होतं.

"जो माणूस राहिला नाही त्याच्या नावाच्या कागदांवर मी साक्षीदार होऊ शकत नाही," मी म्हटलं. आवाज फार कोरडा निघाला.

त्यांनी टेबलावरची एक फाईल बाजूला सारली. मग म्हणाल्या की डायरेक्टर बदलाचा फॉर्म कितीदा तरी उघडलाय, पण तो गेल्याच्या तारखेपाशी येऊन बंद करते. आणि हळूच विचारलं, "शेजारी बसशील का?"

मी रिकाम्या टेबलाची खुर्ची ओढून घेतली. मी एकेक रकाना वाचत गेले, त्या टाइप करत गेल्या. तारीख दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी ती घातली, बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी काही त्यांच्यामागे गेले नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कंपनी खरी आहे का? खरी आहे म्हटलं, पण काम एवढ्यात नाही. तीन आठवडे मी रोज सकाळी नोंद उघडून बघत होते. त्यांचं नाव डायरेक्टर म्हणून दिसलं त्या दिवशी मी त्यांना कळवलं, आणि दोन दिवसांत माझं पहिलं काम आलं. सँट्रीजवळच राहणाऱ्या एका नर्सच्या सह्या घ्यायच्या होत्या. मी तिचा पासपोर्ट तीनदा बघितला. काही चुकलंय का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि आणखी एकदा बघितला.