ह्यांना खुर्चीत बसवलं

शेवटच्या दिवशी सकाळी ह्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही कुणाकडे आलात?"

म्हटलं, "तुमच्याकडेच. लग्न झाल्यापासून इथंच पडलेय."

"बरं बरं, बसा. आमची बायको येईलच एवढ्यात."

दुपारी चहाचे दोन घोट घेतले आणि खुर्चीतच मान टाकली. थोरला मुलगा सगळ्यांना फोनवर सांगत होता, "बाबा आरामात गेले." असतील. आरामाची सवय लावलीच होती ना त्यांना.

ह्यांचं केस कापायचं दुकान. दिवसभर उभे. हात कात्रीवर आणि जीभ कात्रीच्या पुढं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं फिस्कटलं, सगळं पाठ. घरी येऊन तेच मला सांगायचे. मी म्हणायची, कान किटले माझे. आता बसलेय स्वच्छ कान घेऊन.

पोरं मोठ्या हुद्द्यावर गेली, मग बापाच्या हातातली कात्री त्यांना टोचायला लागली. "बाबा, आता आराम करा." दुकान दुसऱ्या कारागिराला भाड्यानं दिलं. मोठी मऊ खुर्ची आणली, समोर टीव्ही. सून तर इतकी गुणाची, पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायची. उठायला म्हणून कारण ठेवलं नाही.

मग हे गप्प झाले. दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागे. आधी चष्मा विसरायचे, मग वार, मग नातवाचं नाव, मग मी.

डॉक्टर म्हणाले, चालवा, माणसांत बसवा, हाताला काही काम द्या. पोरांनी लगेच चालायचं मशीन आणलं. त्यावर टॉवेल छान वाळायचे. मोबाईलमध्ये डोक्याचे खेळ घातले, ते नातू खेळायचा. मी म्हटलं, "अरे, सकाळी थोडा वेळ दुकानात नेऊन बसवा. आपोआप बोलायला लागतील."

धाकटा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? म्हातारपणी बापाला कामाला जुंपलं?"

लोक बिचारे कशाला काय म्हणतील? त्यांनी आमच्याकडं येणंच सोडलं होतं.

ह्यांचा तेरावा झाला, पाहुणे पांगले, तशी मी पिशवी घेऊन भाजीला निघाले. सुनेनं हातातून काढूनच घेतली. "आई, आता तुम्ही कशाला? बसा निवांत."

"दे इकडं," म्हटलं, "अजून मला तुझं नाव आठवतंय."

भाजीवालीशी पोटभर भांडले, लांबच्या रस्त्यानं घरी आले. भेंडी जून निघाली.