न थांबलेला पट्टा

मोताळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. कापूस वर नेणारा पट्टा माझ्या केबिनमधून चालू-बंद होतो. लॅपटॉपवर दोन बटणं. प्रत्येकात एक मॅक्रो, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला हुकूम. बटण दाबलं की सिरीयल पोर्टाला जोडलेल्या केबलमधून तीन बाइटचा संकेत जातो आणि पट्टा ऐकतो.

ऐन हंगामात लॅपटॉप बदलला. मॅक्रो नव्याने लिहिले. 'चालू' दाबून पाहिलं. 'बंद' नाही पाहिलं. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या असताना पट्टा थांबला की शेठ केबिनच्या दारात येतात.

दुपारी कापूस दाटून पट्टा जागच्या जागी अडला. फिटरभाऊ शिडीवर चढले. "बंद कर बे," वरून आवाज आला. मी बटण दाबलं आणि सवयीने ओरडलो, "केला." खिडकीतून पाहिलंही नाही.

त्यांनी हात घालून बोळा ओढला आणि पट्टा चालू लागला. बाही आत गेली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. मग धावत जाऊन बाहेरचा मेन स्विच पाडला.

हात वाचला. कोपरापर्यंत सोलला होता.

"काऊन थांबला नाही बे? मले पिंजाचं होतं काय?"

"केबल ढिली असंल, भाऊ."

"केबल त म्याच जोडली होती," म्हणाले, आणि त्याच हाताने ती आवळायला बसले. मी तेवढ्यात मॅक्रो उघडला. 'बंद'मध्ये हेक्सची खूण, म्हणजे 'ही अक्षरं नाहीत, संकेताचे आकडे आहेत' असं सांगणारी टिक, करायचीच राहिली होती. म्हणून बाइटच्या जागी नुसती अक्षरं जात होती. मशीनला त्यांचा काही अर्थ नव्हता. खूण केली. भाऊंनी केबल आवळून मेन स्विच चढवला, मी 'चालू' आणि मग 'बंद' दाबलं. पट्टा थांबला.

"माह्यीच चुकी होती," भाऊ म्हणाले. मी मान हलवली. हो, हलवली.

पुढच्या आठवड्यात पट्टा परत अडला. भाऊंनी आधी केबल आवळली, मग चढले, आवाज दिला. मी बटण दाबलं आणि उठलो. बाहेर जाऊन मेन स्विच पाडला आणि शिडीखाली उभं राहून सगळं सांगितलं.

"हप्ताभर त्या केबलले शिव्या देऊन राह्यलो मी," ते हळू म्हणाले. "आन् तू ऐकून राह्यला होता?"

"हाव."

ते खाली उतरले. मेन स्विचमधला फ्यूज काढून खिशात घातला आणि पुन्हा चढले. आताही तसंच करतात. मला आवाज देत नाहीत.